मेक चेकमध्ये दोन टेस्ट फेल: पुढं जायचं का थांबायचं?

प्रश्न निपाणीकडच्या एका विद्यार्थिनीचा आहे. त्या बेळगावात एम.फार्म. करतात. विभागातल्या उबंटू मशीनवर त्यांनी ग्रोमॅक्स, म्हणजे मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं) सॉफ्टवेअर, सोर्समधून कंपाइल केलं, म्हणजे मूळ कोडपासून मशीनवर तयार केलं. मेक, म्हणजे कंपाइल करायची कमांड, नीट पार पडली, पण मेक चेक या तपासणीच्या कमांडच्या शेवटी दोन टेस्ट फेल दाखवल्या. त्या लिहितात: "सर, सॉफ्टवेअर उघडतंय, ट्युटोरियलमधलं लायसोझाइम प्रथिनाचं उदाहरणपण चालतंय. गाइड म्हणतात, चालतंय की, पुढं जावा. रिव्ह्यूला तीन आठवडे राहिलेत. त्या दोन टेस्ट सोडून दिल्या तर चालतंय काय?"

कुठल्या दोन टेस्ट फेल झाल्या आणि कशा झाल्या, हे बघितल्याशिवाय सोडू नका. बघायला फार तर एक संध्याकाळ जाईल. नाही बघितलं आणि त्यातली एक खरोखरची निघाली, तर पुढचे तीन आठवडे वाया जातील, आणि गेलेत हे तुम्हाला कळणारही नाही. ही दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे.

"उघडतंय" म्हणजे फाइल जागेवर आहे, लायब्ररी सापडतायत. "चालतंय" म्हणजे प्रोग्राम मध्येच पडला नाही. आकडे बरोबर आहेत का, हे यातून अजिबात कळत नाही. मॉलिक्युलर डायनॅमिक्सचा प्रोग्राम काहीतरी आकडे देतोच. चुकीच्या एनर्जीचा ग्राफसुद्धा खालीवर होत एका पातळीवर स्थिरावलेला दिसतो, आरएमएसडीची (रचना सुरुवातीपासून किती सरकली याची) रेघही छान सपाट येते. डोळ्यांनी फरक कळत नाही.

तुमच्याच लॅबमधलं उदाहरण घ्या. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सॅम्पल टाकण्याआधी सिस्टिम सुटेबिलिटी करता ना? स्टँडर्डची इंजेक्शनं लागोपाठ देता, आरएसडी बघता, टेलिंग बघता, प्लेट्स मोजता. पंप सुरू आहे, पीक येतंय, एवढ्यावर कोणी ॲसे (औषधाचं प्रमाण) रिपोर्ट करत नाही. मेक चेक ही ग्रोमॅक्सची सिस्टिम सुटेबिलिटी आहे. ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशी कामं तुमच्या मशीनवर, तुमच्या कंपायलरनं तयार झालेल्या प्रोग्रामकडून करून घ्यायची आणि उत्तरं जुळवायची.

"तुमच्या मशीनवर" यावर मी जोर देतो, त्याला कारण आहे. २०१४ साली एनएमआरचे (रेणूंची रचना ओळखायच्या तंत्रातले) केमिकल शिफ्ट काढायची एक पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाली आणि ती पुष्कळांनी वापरली. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट, त्याच फाइल, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलतंय. कारण अगदी साधं होतं. फोल्डरमधल्या फाइल कुठल्या क्रमानं मिळतील हे ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असतं, आणि स्क्रिप्टनं तो क्रम ठरलेला आहे असं धरलं होतं. लिहिणाऱ्यांच्या मशीनवर सगळं बरोबर होतं. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या जेफ्री चँग यांना प्रथिनांच्या रचनांवरचे पाच शोधनिबंध मागं घ्यावे लागले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्रामनं डेटाच्या दोन कॉलमची अदलाबदल केली होती, त्यामुळं चिन्ह उलटलं आणि रचनाच उलटी निघाली. प्रोग्राम पडला नव्हता, एररही आली नव्हती.

आता तुमच्या मशीनकडं. तुम्ही स्क्रीनवरची शेवटची ओळ पाठवलीत: इतके टक्के पास, दोन फेल. त्या ओळीवरून काहीच ठरवता येत नाही. बिल्ड फोल्डरमध्ये (जिथं कंपाइल केलंत तिथं) टेस्टिंग नावाचं फोल्डर आहे, त्यात टेम्पररी, आणि त्यात लास्टटेस्ट नावाचा लॉग. खरी हकीकत तिथं आहे. तो उघडायच्या आधी मात्र स्क्रीनवर थोडं वर जाऊन एक गोष्ट बघा: "रिग्रेशन टेस्ट चालवलेल्या नाहीत" अशा अर्थाची सूचना आहे का?

ग्रोमॅक्सच्या चाचण्या दोन थरांत असतात. पहिला थर युनिट टेस्टचा. कोडचे छोटे छोटे भाग एकेकटे तपासायचे. या सोर्ससोबतच येतात. दुसरा थर रिग्रेशन टेस्टचा. त्यात छोट्या सिस्टिम खरोखर चालवून एनर्जी, फोर्स आणि व्हिरियल (दाबाच्या हिशोबात लागणारी राशी) हे संदर्भ आकड्यांशी जुळवले जातात. हे पॅकेज वेगळं डाउनलोड करावं लागतं. सीमेकला (बिल्डची तयारी करणाऱ्या प्रोग्रामला) तसा पर्याय दिला तर तो स्वतः आणतो, किंवा तुम्ही आणून त्याचा पाथ द्यायचा. तो पर्याय दिलाच नाही, तर मेक चेक फक्त पहिला थर चालवतं, सूचनेची एक ओळ छापतं आणि वर शंभर टक्के पास दाखवतं. कॉलेजच्या नेटवर प्रॉक्सी असते, डाउनलोड अडतं, मग पोरं तो पर्याय काढून टाकतात आणि पुढं जातात. बेळगाव, खानापूर, चिक्कोडीकडच्या कॉलेजांत अशी सॉफ्टवेअर बसवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. "सगळ्या टेस्ट पास आहेत सर" असं सांगून दाखवलेल्या मशीनवर रिग्रेशन झालेलीच नाही, हे वरचेवर बघतो. पॅकेज घरच्या नेटवरून किंवा मोबाइलवर उतरवा, पेनड्राइव्हनं आणा, पाथ द्या. फक्त व्हर्जन तंतोतंत तेच हवं. २०२३ च्या प्रोग्रामला २०२४ च्या टेस्ट लावल्या तर फेल दिसणारच, आणि त्या फेल होण्याला काही अर्थ नाही.

हे झालं की फेल झालेल्या दोघींची नावं बघा. नावापुढं सीटेस्ट (टेस्ट चालवणारा प्रोग्राम) कारण लिहितं, आणि सगळा निर्णय त्या कारणावर आहे.

टाइमआउट असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. प्रत्येक टेस्टला ठरावीक वेळ दिलेला असतो, त्यात ती संपली नाही की मारली जाते. विभागाचं मशीन म्हटल्यावर एकाच वेळी कोणाचं तरी डॉकिंग चालू असतं, आणि तुम्ही आठ टेस्ट एकदम सोडता. टॉप ही कमांड चालवून बघा, कोण किती सीपीयू खातंय. सगळ्यांची कामं संपल्यावर सीटेस्टला "रीरन फेल्ड" आणि "आउटपुट ऑन फेल्युअर" हे दोन पर्याय देऊन फक्त फेल झालेल्या टेस्ट एकेक करून चालवा. पास झाल्या तर तो विषय संपला. मशीन मोकळं असूनही पुन्हा टाइमआउट येत असेल, तर प्रोग्राम कुठंतरी अडकून बसतोय. ते वेगळं प्रकरण आहे, तेव्हा लॉग पाठवा.

नॉट रन म्हणजे टेस्टचा प्रोग्रामच तयार झाला नाही. कंपाइल होताना मेमरी संपली, की लिनक्स कंपायलरलाच मारून टाकतं. आठ जीबीच्या मशीनवर आठ कामं एकदम लावली की हे हमखास होतं. वर कुठंतरी "किल्ड" शब्द सापडेल. दोनच कामं लावून मेक पुन्हा चालवा.

इल्लीगल इन्स्ट्रक्शन आलं तर प्रोग्राम दुसऱ्या, नव्या मशीनवर कंपाइल होऊन इथं कॉपी झालाय असं समजा. ग्रोमॅक्स कंपाइल होताना त्या मशीनच्या प्रोसेसरला साजेशा सूचना निवडतं. नव्यावर एव्हीएक्स-५१२ हा सूचनांचा संच निवडला गेला आणि तुमच्या जुन्या प्रोसेसरला तो येत नसेल, तर प्रोग्राम जागीच पडतो. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलेलं फोल्डर देणं-घेणं बंद करा. सोर्स द्या, इन्स्टॉल केलेलं नको.

आपल्या भागात एक कारण विशेष बघायला मिळतं, म्हणून सांगतो. उबंटू बसवताना भाषा कन्नड किंवा मराठी निवडली, की घरच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉप, डाउनलोड्स वगैरे फोल्डरांची नावंही त्या भाषेत होतात. ज्याला ज्या भाषेत काम सोयीचं त्यानं त्या भाषेत करावं, माझं काही म्हणणं नाही. पण जवळच्याच एका तालुक्याच्या गावी गेलो होतो, तिथल्या मुलानं सोर्स डेस्कटॉपवरच सोडवला होता. पाथमध्ये एक कन्नड नाव, आणि त्यापुढं त्यानं स्वतः केलेलं, मध्ये मोकळी जागा असलेलं "माझा प्रोजेक्ट". टेस्टच्या गटच्या गट "फाइल सापडत नाही" म्हणून पडत होते. जुन्या पर्ल आणि शेल स्क्रिप्ट मोकळ्या जागेवर पाथ तोडतात, काही पॅकेजं रोमनबाहेरच्या अक्षरांवरही अडखळतात. सगळं उचलून घरच्या फोल्डरात एका छोट्या, रोमन नावाच्या, मोकळी जागा नसलेल्या फोल्डरमध्ये नेलं, बिल्ड नव्यानं केलं, टेस्ट पास. त्याच कारणानं मी टेस्ट चालवताना टर्मिनलची भाषा तेवढ्यापुरती "सी" करून घेतो. एलसी-ऑल नावाचा व्हेरिएबल असतो, त्याला "सी" द्यायचं. आरसारख्या पॅकेजमध्ये, जिथं टेस्ट मजकूर किंवा अक्षरांचा क्रम जुळवतात, तिथं याचा उपयोग जास्त होतो.

सुडो लावून, म्हणजे रूटचे (ॲडमिनचे) अधिकार घेऊन, मेक चेक करू नका. ओपन एमपीआय (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं सॉफ्टवेअर) रूट म्हणून चालायला नकार देतं, आणि तुम्ही एमपीआयचं बिल्ड केलं असेल तर त्या सगळ्या टेस्ट पडतात. आधी केलेल्या सुडोमुळं फोल्डरची मालकी रूटकडं गेली असेल, तर मालकी परत घ्या. सुडो फक्त शेवटच्या मेक इन्स्टॉलला लागतं.

आणि वीज. मे महिन्यात वळीव आला की आपल्याकडं संध्याकाळी लाइट जाते, आणि कंपाइल नेमकं तेव्हाच चालू असतं. यूपीएस नसेल तर अर्धवट लिहिलेल्या, कधी शून्य बाइटच्या फाइल मागं राहतात. मेकला त्या नव्या वाटतात, म्हणून ते त्या पुन्हा करत नाही. अशा वेळी दुरुस्तीच्या नादी लागू नका. बिल्ड फोल्डर पूर्ण पुसा आणि सीमेकपासून सुरुवात करा.

आतापर्यंतची सगळी कारणं मशीनच्या आजूबाजूची. ती दूर केली की टेस्ट पास होतात, आणि तुमच्या संशोधनाला त्यांचा धक्का लागत नाही. खरा विचार करावा लागतो तो रिग्रेशन टेस्ट आकड्यांवर फेल झाली तर. तेव्हा त्या टेस्टच्या फोल्डरमध्ये चेकपॉट, चेकफोर्स, चेकव्हिर अशा नावांच्या आउट फाइल तयार होतात. पॉट म्हणजे पोटेन्शियल, दुसरी फोर्सची, तिसरी व्हिरियलची. चेकपॉट उघडलीत तर एनर्जीच्या घटकाचं नाव, स्टेप, संदर्भ आकडा आणि तुमचा आकडा एका ओळीत शेजारी शेजारी दिसतील.

समजा संदर्भ −४८२३०.५ आणि तुमचा −४८२३०.९ आहे. फरक लाखात एक भागाहूनही कमी. हा राउंडिंगचा फरक असू शकतो, आणि तो का येतो हे समजून घ्या, कारण व्हायव्हाला कोणीतरी विचारेल. ग्रोमॅक्स मूळ सेटिंगमध्ये मिक्स्ड प्रिसिजनमध्ये चालतं, म्हणजे बहुतेक हिशोब सिंगल प्रिसिजनमध्ये, जिथं साधारण सात अंक विश्वासाचे असतात. सिंगल प्रिसिजनमध्ये १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर उत्तर १,६७,७७,२१६ च राहतं. पुन्हा १ मिळवला तरी तेच. पण आधी दोन १ एकत्र करून २ केले आणि मग मिळवले, तर १,६७,७७,२१८ येतं. आकडे तेच, बेरजेचा क्रम वेगळा, उत्तर वेगळं. तुमचा प्रोसेसर एका दमात चार आकडे घेतो का आठ, किती थ्रेड आहेत, जीपीयू आहे का, यावर क्रम बदलतो. म्हणून टेस्टमध्ये सहनमर्यादा ठेवलेली असते, आणि कधीकधी एखादा आकडा ती जेमतेम ओलांडतो.

आता समजा तुमचा आकडा −४७९११.२ आहे. फरक अर्ध्या टक्क्याहून जास्त. हे राउंडिंग नव्हे. किंवा फरक छोटा आहे, पण फक्त कुलाँबच्या (विद्युतभारांमधल्या बलाच्या) एका घटकात, प्रत्येक स्टेपला, एकाच दिशेनं येतोय. हेही राउंडिंग नव्हे, कारण राउंडिंगचा फरक असा एका बाजूला ओढत नाही. किंवा एनर्जी जुळते, पण चेकफोर्समध्ये ठरावीक अणूंवरचेच फोर्स चुकलेत. यातलं काहीही दिसलं तर त्या बिल्डवर एकही रन लावायचा नाही. तुमचं काम लिगंडच्या बाइंडिंगचं, म्हणजे छोटा रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटतो याचं आहे. तिथं दोन रेणूंमधला जो फरक तुम्ही मोजणार, तोच मुळात काही किलोकॅलरींचा असतो.

मूळ शोधायला मी हे करतो: दुसरं बिल्ड फोल्डर करून, सिम्डचा (प्रोसेसरच्या खास सूचनांचा) पर्याय "नन" ठेवून पुन्हा कंपाइल करतो. प्रोग्राम संथ होतो, पण साध्यातला साधा होतो. त्यावर टेस्ट पास झाली, तर दोष कंपायलर आणि प्रोसेसरच्या खास सूचनांच्या जोडीत आहे, मग कंपायलरचं दुसरं व्हर्जन घेऊन बघायचं. तिथंही फेल झाली, तर एफएफटी (फूरिए ट्रान्सफॉर्मचे हिशोब करणाऱ्या) लायब्ररीकडं वळायचं. ग्रोमॅक्सला स्वतःचं एफएफटीडब्ल्यू बांधायला सांगायचं आणि पुन्हा बघायचं. आणि प्रत्येक वेळी वेगवेगळी टेस्ट फेल होत असेल, आज ही, उद्या ती, तर सॉफ्टवेअरचा पिच्छा सोडा आणि रॅम तपासा. मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा.

"एवढं करण्यापेक्षा ॲप्टनं इन्स्टॉल करू का?" (म्हणजे उबंटूचं तयार पॅकेज घेऊ का) असं पुढं विचारणार असाल, तर जरूर करा. रिव्ह्यू जवळ असताना तो शहाणा मार्ग आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ते पॅकेज सगळ्या मशीनवर चालावं म्हणून जुन्या, सर्वसाधारण प्रोसेसरसाठी केलेलं असतं, त्यामुळं वेग बराच कमी मिळतो. आणि त्याच्या टेस्ट झाल्या असतील त्या पॅकेज तयार करणाऱ्यांच्या मशीनवर. तुमच्या मशीनवर काही तरी स्वतः तपासणं आलंच.

त्यासाठी पाण्याचा डबा घ्या. ग्रोमॅक्ससोबत २१६ रेणूंच्या पाण्याची तयार फाइल येते. ती तशीच वापरू नका, तिची बाजू दोन नॅनोमीटरहूनही कमी आहे आणि एक नॅनोमीटरचा कटऑफ (अणूंमधली बलं थेट मोजायची अंतराची मर्यादा) त्यात बसत नाही. सॉल्व्हेट या कमांडनं तीन नॅनोमीटरचा डबा भरा, नऊशेच्या आसपास रेणू बसतील. पाण्याचं एसपीसीई मॉडेल, २९८ केल्व्हिन, एक बार, थोडं इक्विलिब्रेट करून एक-दोन नॅनोसेकंद चालवा. घनता १००० किलो प्रति घनमीटरच्या अगदी जवळ यायला हवी. ९०० किंवा ११०० आली तर काहीतरी मोठं बिघडलंय, बिल्डमध्ये नाहीतर तुमच्या एमडीपी (रनच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये.

दुसरी तपासणी याहून काटेकोर आहे. तुमची एक टीपीआर (रनसाठी तयार केलेली इनपुट) फाइल कोल्हापूरला किंवा धारवाडला कोणी ओळखीचं ग्रोमॅक्स वापरत असेल त्याला पाठवा, व्हर्जन तेच असू दे. दोघांनी चालवा आणि शून्याव्या स्टेपची पोटेन्शियल एनर्जी शेजारी ठेवा. पाच-सहा अंक जुळायला हवेत. ग्रोमॅक्सच्या चेक कमांडला दोन्ही एनर्जी फाइल दिल्या की ती स्वतःच ताडून दाखवते. पण दहा हजाराव्या स्टेपला ते आकडे जुळवायला जाऊ नका. रेणूंची हालचाल अशी असते की सातव्या अंकातला फरक थोड्याच वेळात वाढत जाऊन मार्ग पूर्ण वेगळे होतात. तिथं जुळायची ती सरासरी.

टेस्ट सगळ्या पास झाल्या तरी तुमच्या लिगंडचे चार्ज बरोबर आहेत, हिस्टिडीनचं प्रोटोनेशन नीट निवडलंय, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्या जबाबदाऱ्या तुमच्या आणि गाइडच्या. पण प्रोग्रामवर विश्वास असला, की काही विचित्र दिसल्यावर चूक कुठं शोधायची ते कळतं. तो नसला, तर दर वेळी दोन्हीकडं संशय, आणि त्यात मुलं थकून जातात. हे मी जवळून बघितलंय, म्हणून एवढं लांबण लावतोय.

गाइडना सांगताना "टेस्ट फेल आहेत" एवढंच सांगू नका, त्यांना ते अडथळ्यासारखं वाटेल. "सर, एक टाइमआउटनं गेली होती, मोकळ्या मशीनवर पास झाली, दुसरीतला फरक एवढा आहे" असं कागदावर दाखवा. लास्टटेस्टचा लॉग आणि ग्रोमॅक्सच्या व्हर्जन कमांडचं आउटपुट, ज्यात प्रिसिजन, सिम्ड, एफएफटी आणि कंपायलर सगळं येतं, या दोन फाइल आत्ताच थीसिसच्या फोल्डरमध्ये ठेवा. वर्षभरानं पेपरच्या रिव्ह्यूअरनं विचारलं, तोवर विभागानं ते मशीन फॉरमॅट केलेलं असेल.

आज संध्याकाळी लॅब रिकामी झाली की फेल झालेल्या दोन टेस्ट एकेकट्या चालवा. दोन्ही पास झाल्या, तर उद्या प्रॉडक्शन लावा. एखादी आकड्यांवर फेल राहिली, तर तिची चेकपॉट आणि चेकफोर्स फाइल, लास्टटेस्ट लॉग आणि व्हर्जनचं आउटपुट असं चारही पाठवा. उत्तर येईपर्यंत लिगंडचे पॅरामीटर, टोपोलॉजी आणि एमडीपी फाइल तयार करून ठेवा, म्हणजे दिवस वाया जाणार नाहीत. एमडीरन (प्रत्यक्ष सिम्युलेशन चालवणारी कमांड) मात्र तोवर लावू नका.